थार की अर्टिगा? कुटुंबासाठी पहिली मोठी गाडी निवडताना

हॅचबॅक लहान पडायला लागली की घरात दोन पक्ष तयार होतात. एकाला थार रॉक्स (पाच दारांची थार), स्कॉर्पिओ-एन, जिम्नी अशी उंच, चौकोनी, दणकट गाडी हवी असते. दुसऱ्याला आई-वडील, मुलं, त्यांचं सामान आणि वेळप्रसंगी आत्याही बसेल अशी अर्टिगा, कॅरेन्स किंवा इनोव्हा. दोघांचंही बरोबर असतं, पैसे मात्र एकाच गाडीपुरते असतात.

परदेशात या दुसऱ्या गाडीच्या जागी बऱ्याचदा स्टेशन वॅगन, म्हणजे टप मागेपर्यंत ताणून डिकी मोठी केलेली कार असते. आपल्याकडे ती रुजली नाही. टाटांची इस्टेट १९९२मध्ये आली, इंडिगो मरिना २००४मध्ये, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बीही येऊन गेली. वॅगनचं काम इथे २०००च्या क्वालिसने, तिच्या जागी आलेल्या इनोव्हाने आणि २०१२च्या अर्टिगाने उचललं. म्हणून कुटुंबगाडी म्हणताना मी तीन रांगांच्या गाड्याच धरतो आहे.

हा निर्णय शोरूममध्ये घेऊ नका. तिथे उंच बॉनेट आणि मोठी चाकं बघितली की मन तिकडेच झुकतं, आणि त्यात गैर काही नाही. पण त्याआधी घरी बसून एक कागद भरा.

१. आधी रस्ता लिहा

गेल्या वर्षभरात गाडी कुठे कुठे गेली ते आठवून लिहा. पुढे कुठे जायचं आहे ते नको, खरोखर कुठे गेली तेच. त्यापुढे रस्ता कसा होता ते तीन प्रकारांत मांडा: पहिला डांबरी किंवा सिमेंटचा (खड्डे असले तरी पक्का), दुसरा मुरमाचा (खडखडाटी पण टणक), आणि तिसरा चिखलाचा, वाळूचा किंवा मोठ्या दगडांचा.

पहिल्या दोन प्रकारांना दणकट एसयूव्ही लागत नाही. मुंबई-गोवा महामार्गाची रखडलेली कामं, आंबोलीचा किंवा कुंभार्लीचा घाट, गावातली शेवटची अर्धा किलोमीटर खडी, हे सगळं सात माणसं घेऊन अर्टिगा आणि इनोव्हा रोज करतात. खड्ड्यात गाडी जपून घालावी लागते, वेग कमी ठेवावा लागतो, एवढंच.

खरी फाळणी तिसऱ्या प्रकाराने होते. तुमच्या शेतात जायला पाणंद रस्ता असेल आणि जमीन काळी असेल, तर जून ते ऑक्टोबर तिथे काय होतं हे मराठवाड्या-विदर्भातल्या कोणालाही सांगायला नको. काळी माती ओली झाली की टायरच्या नक्षीत भरते, टायर गुळगुळीत होतो आणि चाक जागच्या जागी फिरायला लागतं. इथे नुसती उंच गाडी कामाची नाही. मागची दोनच चाकं ओढणारी पावणेदोन-दोन टनांची एसयूव्ही काळ्या चिखलात हलक्या गाडीपेक्षा खोल रुतते आणि तिला काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागतो. कोकणात जांभ्याच्या रस्त्यावर पाणी निचरून जातं, म्हणून तिथे चिखलापेक्षा तीव्र चढ, शेवाळ आणि अरुंद वळणं जास्त त्रास देतात. पण गरज तीच: चारही चाकांना ताकद.

समुद्रकिनारा या यादीत धरू नका. दिवेआगर, गुहागर, मुरुड कुठेही वाळूत गाडी घालणं चुकीचंच आहे. दंडाची भीती आहेच, शिवाय भरती कोणाची वाट बघत नाही आणि खारं पाणी खालच्या पत्र्याला, ब्रेकला आणि वायरिंगला खातं.

पुराच्या पाण्याबद्दलही आत्ताच सांगतो. थारची पाण्यातून जाण्याची क्षमता कंपनी ६५० मिलिमीटर सांगते, पण तो आकडा साचलेल्या, खोली माहीत असलेल्या पाण्याचा आहे. पुलावरून वाहणारं दोन फूट पाणी मोठी एसयूव्हीही उचलून नेतं. पुलावरून पाणी जात असेल तर गाडी कोणतीही असो, थांबायचं.

२. दणकट दिसणारी आणि दणकट असणारी यातला फरक

तिसऱ्या प्रकारचा रस्ता तुमच्या वर्षात खरोखर आणि वारंवार येत असेल, तरच हा भाग नीट वाचा.

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी सोय, प्रत्येक थारमध्ये किंवा स्कॉर्पिओमध्ये नसते. थार रॉक्समध्ये आणि स्कॉर्पिओ-एनमध्ये ती फक्त डिझेल इंजिनाबरोबर मिळते. पेट्रोल रॉक्स घेतलीत तर ती मागच्या दोन चाकांवरच चालणारी गाडी आहे. तीन दारांच्या थारमध्येही फक्त मागची चाकं ओढणारी आवृत्ती आहे. जिम्नीच्या सगळ्या आवृत्त्या फोर बाय फोर आहेत. फोर्सची गुरखाही तशीच, तिला तर दोन्ही ॲक्सलना डिफरेन्शिअल लॉक आहे, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद मिळत राहते. विक्रेत्याला मोघम विचारू नका. "या आवृत्तीला लो रेंज गिअर आहे का?" असं विचारा. लो रेंजमध्ये गाडी अगदी हळू पण प्रचंड जोराने ओढते, आणि दगडावरून किंवा चिखलातल्या चढावर खरं काम तोच गिअर करतो.

थार आणि जिम्नीतली फोर बाय फोर ही गरजेपुरती लावायची असते. कोरड्या डांबरावर ती लावून वळलात तर पुढच्या-मागच्या चाकांच्या फिरण्यातला फरक कुठेच जिरत नाही आणि यंत्रणेवर ताण येतो. नवशिके पाऊस पडला की "सुरक्षित म्हणून" ती लावून महामार्गावर निघतात. तसं करू नका.

ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती वर आहे त्याचा, आकडा सगळे विचारतात, पण तो सहसा रिकाम्या गाडीचा असतो. सात माणसं आणि डिकी भरून सामान घातलं की कुठलीही गाडी खाली बसते, कुटुंबगाडी जरा जास्तच. उलट पुढचा कोन, म्हणजे बंपर न घासता गाडी किती तिरक्या चढावर चढेल तो, कोणी विचारत नाही. गतिरोधकावर किंवा बांधावर चढताना आधी घासतो तो पुढचा बंपर, आणि इथे रॉक्सचा ४१.७ अंशांचा कोन खरंच उपयोगी पडतो. तुमच्या शेताच्या वाटेवर बांध ओलांडावा लागत असेल तर हा आकडा महत्त्वाचा.

टायरही बघा. फोर बाय फोर गाडीला महामार्गाचे टायर असतील तर चिखलात निम्मा फायदा गेलाच. ऑल-टेरेन (माती-चिखलातही पकड देणारे) टायर घ्यायचे तर रस्त्यावर थोडा आवाज वाढतो, मायलेज थोडं घटतं आणि खर्च होतो. रॉक्सच्या १८ इंची चाकांच्या आवृत्त्यांचा टायर २५५/६५ आर१८ मापाचा, अर्टिगाचा १८५/६५ आर१५. पाच टायरची किंमत दोन्हीकडे विचारून बघा, फरक लगेच कळेल.

३. मग माणसं लिहा

इथे माझं मत कुटुंबगाडीकडे स्पष्टपणे झुकतं, कारण बहुतेक घरांत रोजचा प्रश्न माणसांचा असतो, चिखलाचा नसतो.

महिन्यातून किती वेळा पाचपेक्षा जास्त माणसं गाडीत बसतात? दोनदा किंवा जास्त असेल तर जिम्नी (चार जणांची) आणि रॉक्स (पाच जणांची) यादीतून काढा. "कधी लागलंच तर दुसरी गाडी करू" हे एखाद्या लग्नापुरतं ठीक आहे, दर रविवारी आजी-आजोबांना नेण्यासाठी नाही.

स्कॉर्पिओ-एनला तिसरी रांग आहे, पण तिथे जायला मधली सीट उचलून शरीर दुमडावं लागतं आणि ती रांग उभी असताना मागे सामानाला जेमतेम जागा उरते. बोलेरो निओत मागे आडव्या सीट आहेत. समोर तोंड नसलेल्या सीटवर घाटात मुलं बसवणं मला पटत नाही. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०२४च्या धडक चाचणीत त्या गाडीला पाचपैकी एकच तारा मिळाला, हेही लक्षात ठेवा.

कुटुंबगाडीतही सगळं आबादीआबाद नाही. सातही जागा वापरात असताना अर्टिगाची डिकी २०९ लिटर आणि कॅरेन्सची २१६ लिटर उरते. म्हणजे दोन मध्यम बॅगा आणि वर पिशव्या. गणपतीला सात जण कोकणात निघाले, तर परतताना नारळ आणि तांदळाचं पोतं कुठे ठेवायचं हा प्रश्न येणारच. तिसरी रांग पाडली की अर्टिगात ५५० लिटर मिळतात, पण मग ती पाच जणांची गाडी. सीएनजी अर्टिगा घेत असाल तर टाकी मागेच असते, तेव्हा डिकी उघडून स्वतःच्या बॅगा घालून बघा. चार मीटरच्या आतल्या रेनो ट्रायबरमध्ये सात जण भरल्यावर फक्त ८४ लिटर राहतात. ती माझ्या मते पाच मोठ्यांची आणि क्वचित दोन मुलांची गाडी, आणि तशी वापरली तर फार चांगली.

सामान टपावर टाकायचा मोह होतो. कॅरिअर लावलात तर हलकं आणि फुगीर सामान वर, जड सामान खाली. टपावर वजन गेलं की गाडीचा तोल वर सरकतो, आणि आधीच उंच असलेल्या एसयूव्हीत ते वळणावर जाणवतं.

आता गुडघे. थारसारख्या गाडीत चढायला पाय उंच उचलावा लागतो, हाताने धरून ओढून घ्यावं लागतं. साठीच्या पुढच्या बाईला साडीत ते रोज जमणार आहे का, हे तिलाच विचारा. फूटबोर्ड लावून थोडा फरक पडतो. अर्टिगा, कॅरेन्स, इनोव्हा हायक्रॉस यांची सीट साधारण कमरेच्या उंचीला असते, म्हणजे ना चढायचं ना खाली बसायचं, नुसतं सरकायचं. गुडघेदुखी असलेल्या घरात ही एकच गोष्ट निर्णय करून टाकू शकते, आणि करावीच.

ज्यांना गाडी लागते त्यांचाही विचार करा. शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावर वेगळी बॉडी बसवलेल्या गाड्या, म्हणजे थार, स्कॉर्पिओ, जिम्नी, खड्डा सहज पचवतात, पण घाटात डावी-उजवीकडे जास्त डुलतात. तिसरी रांग मागच्या चाकांच्या वर असते, तिथे हेलकावा सर्वांत जास्त. मुलाला आंबोलीत उलटी होत असेल तर त्याला मधल्या रांगेत, समोर रस्ता दिसेल असं बसवा. कॅरेन्स किंवा हायक्रॉससारख्या एकसंध बॉडीच्या गाडीत तो त्रास कमी होतो.

इनोव्हा क्रिस्टा या वाटणीत नीट बसत नाही, म्हणूनच ती इतकी वर्षं टिकली. बॉडी कुटुंबाची, खाली तोच शिडीसारखा लोखंडी सांगाडा, ओढ मागच्या चाकांची आणि इंजिन २.४ लिटरचं डिझेल. भरलेल्या गाडीने ओला चढ चढताना वजन मागे सरकतं. मागची चाकं ओढत असतील तर पकड वाढते, पुढची ओढत असतील तर ती घसरायला लागतात. गावाकडे सतत सात-आठ माणसं घेऊन जाणाऱ्यांना क्रिस्टा आवडते ती याच कारणाने. शहरात आणि महामार्गावर आरामात जायचं असेल तर हायब्रिड हायक्रॉस अधिक शांत आणि तेलाला हलकी आहे.

४. पैशांचा हिशेब ऑन-रोड करा

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंत पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंत डिझेल इंजिनाची गाडी असेल तर १८ टक्के, बाकी सगळ्या मोठ्या गाड्यांना ४० टक्के. दोन्ही अटी एकदम पाळाव्या लागतात. म्हणून ट्रायबर १८ टक्क्यांत येते. जिम्नी चार मीटरच्या आत असूनही तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ४० टक्के. तीन दारांची थार १.५ लिटर डिझेलमध्ये घेतली तर १८, मोठं इंजिन घेतलं तर ४०. अर्टिगा आणि रॉक्स दोन्ही ४०मध्येच.

त्यावर महाराष्ट्राचा एकरकमी वाहन कर. पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाख १२, त्यापुढे १३. डिझेलला याच टप्प्यांवर १३, १४ आणि १५. चौदा लाखांची गाडी पेट्रोलमध्ये घेतली तर कर १,६८,००० रुपये, डिझेलमध्ये १,९६,०००. सीएनजीचा दर कमी आहे, पण १ जुलै २०२५ पासून त्यात एक टक्का वाढ झाली. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर दर खूप वाढतो, तेव्हा सीएला आधी विचारा.

इंधनाचा हिशेब साधा आहे. वर्षाला १२,००० किलोमीटर चालवत असाल आणि दणकट पेट्रोल एसयूव्ही लिटरला १० देत असेल, कुटुंबगाडी १५, तर फरक ४०० लिटरचा. लिटरला शंभर रुपये धरले तरी वर्षाला चाळीस हजार. समृद्धीसारख्या १२० किलोमीटर वेगाच्या रस्त्यावर चौकोनी तोंडाची गाडी वाऱ्याशी झुंजते, मायलेज आणखी घटतं आणि आत आवाजही वाढतो. नागपूर-मुंबई वरचेवर करत असाल तर हे मुद्दाम तपासा.

शहरात रोज चार-पाच किलोमीटरच चालणार असेल तर डिझेल घेऊ नका. बीएस६ डिझेलच्या धुराड्यात काजळी पकडणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला इंजिन बराच वेळ गरम राहावं लागतं. छोट्या फेऱ्यांत ते होत नाही, फिल्टर तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग महिन्यातून एकदा महामार्गावर लांब फेरी मारावी लागते.

५. सुरक्षा

इथे दणकट गाडी बऱ्याचदा पुढे आहे आणि हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. रॉक्सला भारत एनकॅपमध्ये पाच तारे आहेत, स्कॉर्पिओ-एनला २०२२मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच. अर्टिगाच्या दक्षिण आफ्रिकेत विकल्या जाणाऱ्या गाडीला ग्लोबल एनकॅपने २०२४मध्ये एकच तारा दिला. कॅरेन्सला २०२२मध्ये तीन मिळाले होते. कुटुंबगाड्यांत हायक्रॉस पाच ताऱ्यांची आहे. तुम्ही घेणार त्याच आवृत्तीचा भारत एनकॅपचा अहवाल बघा. मोठ्यांच्या ताऱ्यांबरोबर मुलांचेही वेगळे तारे असतात, तेही वाचा.

मात्र तारे धडक झाल्यानंतरचं सांगतात. उंच गाडी अचानक वळवावी लागली तर ती कलंडण्याचा धोका बुटक्या गाडीपेक्षा जास्त असतो, म्हणून ईएसपी (गाडी घसरायला लागली की ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) नसलेली एसयूव्ही घेऊच नका. आणि सातही जागांना तीन-बिंदू (खांदा आणि कंबर धरणारा) पट्टा आहे का, लहान मुलाची सीट अडकवायचे आयसोफिक्स हूक कोणत्या रांगेत आहेत, हे स्वतः हात घालून बघा.

६. पार्किंग मोजा, टेपने

रॉक्सची लांबी ४४२८ मिलिमीटर, अर्टिगाची ४४३५. लांबीत जवळपास सारख्या. पण रॉक्स १८७० रुंद आणि १९२३ उंच, अर्टिगा १७३५ रुंद आणि १६९० उंच. पुण्याच्या पेठांत किंवा दादर-गिरगावच्या जुन्या इमारतींच्या आवारात हा साडेतेरा सेंटिमीटरचा फरक दार उघडण्या-न उघडण्याचा असतो. सोसायटीत यांत्रिक पार्किंग असेल तर त्याच्यावर लावलेली उंचीची आणि वजनाची पाटी वाचा. एसयूव्ही खालच्या किंवा वरच्या कप्प्यात मावतच नाही, हे डिलिव्हरीनंतर कळण्यात अर्थ नाही.

७. टेस्ट ड्राइव्ह घरच्यांना घेऊन

शोरूमचा ठरलेला गुळगुळीत फेरा पुरेसा नाही. घरची सगळी माणसं बसवा. तुमच्या गल्लीत यू-टर्न घ्या, रोजच्या गतिरोधकावरून भरलेली गाडी न्या, चढावर थांबून पुन्हा निघा. अर्टिगाचं १.५ लिटर पेट्रोल सात माणसं आणि एसी चालू असताना चढावर कितपत ओढतं, हे रिकाम्या गाडीत कळत नाही. मग गाडी दुसऱ्याच्या हाती द्या आणि स्वतः अर्धा तास शेवटच्या रांगेत बसा. आईला विचारा, मुलांना विचारा. चालवणाऱ्याइतकंच बसणाऱ्यांचं मत मोजा.

८. कागद पूर्ण झाला की

चिखलाची वाट वर्षभर आहे आणि माणसं चार-पाचच आहेत, तर फोर बाय फोर दणकट गाडी घ्या, बिनधास्त. लग्नाला मोठी गाडी भाड्याने करा. माणसं सहा-सात आहेत आणि रस्ता पक्का आहे, तर कुटुंबगाडी घ्या आणि वर्षातून एकदा थारची हौस गोव्यात भागवा. तिथे काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची गाडी स्वतः चालवायला अधिकृतपणे मिळते. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी कोणी भाड्याने देत असेल तर घेऊ नका, अपघात झाला तर विमा हात वर करतो.

दोन्ही गरजा आहेत, माणसंही आणि चिखलही, तर एका नव्या गाडीत दोन्ही शोधत बसण्यापेक्षा नवी कुटुंबगाडी आणि शेतासाठी जुनी फोर बाय फोर बोलेरो किंवा थार हा मार्ग मला अधिक पटतो. दुसरी गाडी सोसायची नसेल तर फोर बाय फोर स्कॉर्पिओ-एन बघा, तिसऱ्या रांगेची अडचण डोळ्यांसमोर ठेवून.

आणि कागद सगळा कुटुंबगाडीच्या बाजूने आहे, मन मात्र थारकडे आहे, घरात चारच माणसं आहेत आणि हप्ता पेलतो, तर थार घ्या. रोज बघून आनंद होणं हेही गाडीचं काम आहे. फक्त तो आनंद कोणाच्या गुडघ्यांच्या जिवावर नको.

बुकिंग करताना आवृत्तीचं पूर्ण नाव, इंजिन, गिअरबॉक्स, दोन की चार चाकांची ओढ आणि रंग पावतीवर लिहून घ्या. विमा शोरूमचाच घेण्याची सक्ती नसते, बाहेरून दर मागवून तुलना करा. नोंदणीआधी गाडी यार्डात जाऊन बघा: उत्पादनाचा महिना आणि वर्ष, किलोमीटरचा आकडा, रंगावरचे ओरखडे, स्टेपनी, जॅक आणि पाना. तिसरी रांग उघडून-मिटवून बघा. फोर बाय फोर असेल तर डिलिव्हरीच्या दिवशी शोरूमच्या माणसाला मातीच्या जागेवर नेऊन लो रेंज लावून आणि काढून दाखवायला सांगा, मग स्वतः तेच करून बघा आणि त्यानंतरच सही करा.